बुटांच्या खोक्यांतली सूची

एका सहीच्या बदल्यात विन्स्लो पीसलीला काय काय मिळणार होतं, ते त्याच्या बायकोला तोंडपाठ होतं. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळावर खुर्ची. जूनच्या पदवीदानाला झगा आणि मानद पदवी. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर ‘पीसली कक्ष’ अशी पितळी पाटी. आणि बापाच्या जुन्या छापील पानांची जी जाडजूड सूची चारशे प्रतींत निघायची होती, तिच्या पहिल्या पानावर स्वतःचं नाव. ती पानं ग्रंथालयाला विकून येणाऱ्या सात हजार डॉलरांतला तिसरा हिस्सा कॉरीन या यादीत धरत नसे. वकिलाच्या घरात तेवढ्या पैशाची कोणाला फिकीर नाही, हे दाखवायची तिची ती रीत होती.

धाकट्या भावाला, एसाला, मिळायचं होतं ते एका शब्दात मावत होतं. ट्रक. घरं तापवणाऱ्या भट्ट्यांचे तेलाचे बर्नर दुरुस्त करत तो मेरिमॅक नदीच्या दोन्ही काठांवर ज्या ट्रकमधून हिंडे, त्याचा उजवा दरवाजा गेली दोन वर्षं कपडे वाळत घालायच्या दोरीने बांधलेला होता. दुसरा गिअर निसटू नये म्हणून त्याला गुडघा टेकवून धरावा लागे. विक्रेत्याने त्याच्यासाठी एक हिरवा ट्रक एप्रिलअखेरपर्यंत बाजूला काढून ठेवला होता.

त्यांची बहीण अडिलिया, तिला काय मिळणार, हा हिशेब कोणी मांडलाच नव्हता. तिसरा हिस्सा तिचाही होता, झालं तर मग.

त्यांच्या बापाने, औषधवाल्या लेम्युएलने, चाळीस वर्षं लिलावांतून, माळ्यांवरून, जुन्या पेटाऱ्यांच्या अस्तरांतून सोळाशे चाळीस पानं गोळा केली होती. एका बाजूला छापलेली सुटी पानं. मेलेल्या पाद्र्यांवरची काळ्या चौकटीतली विलापगीतं, फाशी जाणाऱ्यांची शेवटची कवनं, आणि वर्तमानपत्रं वाटणारी पोरं नववर्षाच्या सकाळी दारोदार देऊन बक्षिसी मागत ती गाणी. बापाने ती विकत घेतली. अडिलियाने ती वाफेवर सोडवली, टिपकागदांत दाबली, वाचली, मोजली आणि एकेकाचं कार्ड लिहिलं. चौतीस वर्षं. मृत्युपत्रात म्हाताऱ्याने पानं तिघांच्या नावे ठेवली आणि विकायला तिघांपैकी दोघांच्या सह्या पुरेत असं लिहिलं. आपली तीन पोरं कशावर एकमत होतील अशी त्याला कधी आशाच नव्हती.

विन्स्लोची सही तयार होती. म्हणजे दुसरी हवी होती ती एसाची. हे एसाला ठाऊक होतं, म्हणूनच शनिवारी पाच वाजता अडिलियाच्या स्वयंपाकघरात शिरताना तो आरशात न बघताही आपण महत्त्वाचे दिसतोय याची खात्री बाळगून होता.

घेवड्याचं भांडं सकाळपासून भट्टीत शिजून आता मेजावर आलं होतं. डब्यात वाफवलेला काळा पाव फडक्यात गुंडाळलेला होता. आपण रिकाम्या हाताने आलो नाही हे दिसावं म्हणून कॉरीनने दुकानातला लेमन-पाय हा गोड पदार्थ खोक्यासकट मेजाच्या मध्यावर ठेवला. तिची मुलगी लोइस थाळ्या मांडत होती. तेवीस वर्षांची, टंकलेखन शिकलेली, आणि आईबापांसमोर शक्यतो तोंड न उघडणारी.

“आधी हे बघून घेऊ,” विन्स्लो म्हणाला आणि त्याने दोरीने बांधलेलं जाड पुडकं घेवड्याच्या भांड्याशेजारी ठेवलं. “छापखान्यातून प्रुफं आलीत. सोमवारी परत गेली पाहिजेत. करारपत्र सोबत. एसा, पेन आहे?”

“पेन आहे. भूकही आहे,” एसा म्हणाला.

अडिलियाने हात पुसले, भांडं उचलून लांब ठेवलं, मग दोरी सोडली. गाठ कापली नाही, नखाने सोडवली. पहिलं पान तिने वाचलं आणि चष्मा काढून पुन्हा घातला.

“लेम्युएल पीसली संग्रह. वर्णनात्मक सूची,” तिने मोठ्याने वाचलं. “सूचीकार, विन्स्लो एल. पीसली.”

भट्टीतलं लाकूड तेवढं फुटलं.

“प्रस्तावनेच्या शेवटी तुझा उल्लेख आहे, डीली,” विन्स्लो घाईने म्हणाला.

“आहे ना. ‘टंकलेखन व किरकोळ कामातील मदतीबद्दल माझी कन्या लोइस आणि भगिनी मिस ए. पीसली यांचे आभार.’” तिने पान खाली ठेवलं. “ए. माझं अख्खं नाव घालायला शाई कमी पडली का रे, विन? आणि मला टंकलेखन कधीपासून येतं?”

“अगं, ही लिहायची पद्धत असते.”

“कोणाची पद्धत? तुझ्यासारख्यांची?”

एसाने पावाचा एक तुकडा तोडला. भांडण लांबलं तर जेवण लांबणार, आणि जेवण लांबलं तर सही लांबणार. “डीली, नावाचं एवढं काय घेऊन बसलीस? पैसे तर तिघांना सारखेच आहेत,” तो म्हणाला. हे वाक्य त्याने ट्रकमधूनच तयार करून आणलं होतं.

“बरोबर बोललास,” कॉरीन म्हणाली. एसा बरोबर बोलला असं ती गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि एसाच्या ते ध्यानात आलं.

अडिलिया त्याच्याकडे वळली. “तू बर्नर दुरुस्त केलास की त्याला चिठ्ठी बांधतोस ना रे?”

“बांधतो.”

“काय लिहितोस?”

“तारीख, काय काम केलं ते, आणि नाव.”

“नाव कशाला? पैसे तर मिळालेले असतात.”

एसा चावायचा थांबला. “उद्या बिघडला तर कोणाला जाब विचारायचा, ते कळायला नको?”

“मग!” ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा पानं उलटू लागली.

“ही तुलनाच चुकीची आहे,” विन्स्लो म्हणाला. कोर्टात वापरायचा तो आवाज त्याने काढला होता. “संग्रह वडिलांचा. योजना माझी. ग्रंथालयाशी बोलणी मी केली, जेवणं मी घातली. अडिलियाने कार्डं उतरवून काढली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण विद्वानांच्या जगात एका बुटांच्या कारखान्यातल्या बाईचं नाव...”

“पुढं बोल ना. का थांबलास?”

“लोक काय म्हणतील, एवढंच.”

“मी सांगते काय म्हणतील.” तिचा आवाज चढला. शांत माणसाचा आवाज चढला की भांडीसुद्धा ऐकतात असं एसाला वाटलं. “यातल्या तीनशे बारा पानांवर लिहिणाऱ्याचं नावच नाही. छापखान्याच्या मालकाचं आहे, रस्त्याचं आहे, किंमत आहे. ज्याने कवन रचलं त्याचं तेवढं नाही. कुठं उमेदवारी करणारं पोर, कुठं मालकाची विधवा. त्यातल्या सत्तावन्न जणांची नावं मी शोधून काढली. कारखान्यातून सुटल्यावर. चर्चच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या बघून, थडगी वाचून, टाउन क्लार्कच्या कचेरीच्या तळघरात उंदरांच्या लेंड्या झाडून. दोनशे वर्षं ज्यांची नावं मालकांनी खाल्ली, त्यांची परत आणली मी. आणि ती आणणाऱ्या बाईचं नाव छापायला तुला लाज वाटते?”

लोइसच्या हातातला काटा थाळीवर वाजला.

“आवाज खाली, डीली,” कॉरीन म्हणाली. “जूनमध्ये समारंभ आहे. मी क्लबात सगळ्यांना सांगून बसलेय. टोपीसुद्धा आणली.”

“टोपीचं मला फार वाईट वाटतं हो,” अडिलिया म्हणाली.

तिने आणखी चारपाच पानं उलटली आणि तिचं बोट एका जागी थांबलं. मग ती मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. एसाने तिला असं करताना हजारदा पाहिलं होतं. माशाने गळ ओढला की कोळी जसा एकदम स्थिर होतो तशी ती झाली.

“विन,” ती अगदी हळू म्हणाली, “रेव्हरंड एबेनेझर क्रॉसबी कधी वारले?”

“कोण?”

“क्रमांक चौदा. तुझ्या सूचीतला. काळी चौकट, वर कवटी, खाली वाळूचं घड्याळ.”

विन्स्लोने पान ओढून घेतलं. “हे काय, लिहिलंय की. अकरा फेब्रुवारी १७२८.”

“आणि क्रमांक एकोणीस?”

“तरुणांस उपदेशाचं कवन. नोव्हेंबर १७२८. रचणार, रेव्हरंड एबेनेझर...” तो थांबला.

“क्रॉसबी,” अडिलियाने वाक्य पुरं केलं. “फेब्रुवारीत वारले. गावाने विलाप केला. नऊ महिन्यांनी उठून त्यांनी तरुणांना उपदेश लिहिला. भला माणूस! मेल्यावरही स्वस्थ बसवेना.”

एसा मोठ्याने हसला. पावाचा कण नाकात गेला.

“छापखान्याची चूक असणार,” विन्स्लो म्हणाला.

“माझ्या कार्डावर १७२८ नाही. १७२८, तिरकी रेघ, नऊ, असं आहे. तेव्हा इथं नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. जानेवारी-फेब्रुवारीची माणसं जुन्या हिशेबाने आदल्या वर्षात आणि आजच्या हिशेबाने पुढच्या. म्हणून या महिन्यांना दोन्ही सालं लिहायची. ते लोकच तशी लिहीत. क्रॉसबी उपदेश लिहून मगच गेले, नोव्हेंबरनंतरच्या फेब्रुवारीत. माझं कार्ड तेच सांगतं. ती रेघ कोणी खाल्ली?”

विन्स्लो टायशी चाळा करू लागला.

“मी विचारलं होतं, डॅडी,” लोइस म्हणाली. सगळे तिच्याकडे बघू लागले तशी ती लाल झाली, पण थांबली नाही. “टाइप करताना मी विचारलं होतं, या रेघेचं काय करू. तुम्ही म्हणालात, आत्याला साल नक्की ठरवता आलं नाही म्हणून तिने दोन लिहिलीत, पुस्तकात असली चालढकल शोभत नाही, पहिलं साल ठेव. मी म्हटलं, आत्याला फोन करून विचारते. तुम्ही म्हणालात, गरज नाही.”

“लोइस!” कॉरीन म्हणाली.

“तेव्हा मी गप्प बसले. चूकच केली.”

“अशा किती ठिकाणी?” अडिलियाने विचारलं.

“अकरा.”

“अकरा ठिकाणी सालं बदलली, म्हणजे पानांचा क्रम बदलला, म्हणजे पुढचे सगळे क्रमांक घसरले. आणि हे काय?” ती शेवटच्या पानांवर पोचली होती. “पहिल्या ओळींची अनुक्रमणिका कुठाय?”

“ती साठ पानं होती,” विन्स्लो म्हणाला. “शीर्षकांची आहे ना.”

“एकच कवन सात गावांत सात शीर्षकांनी छापायचे, विन! शीर्षक दुकानदार बदलतो, पहिली ओळ बदलत नाही. पहिल्या ओळीशिवाय हे काम म्हणजे...” तिने नुसता तळहात प्रुफांवर आपटला. लेमन-पायच्या खोक्याचं झाकण उडालं.

आता कॉरीनने नवऱ्याकडे पाहिलं, आणि एसाने कॉरीनकडे. तिच्या डोळ्यांत हिशेब फिरताना स्पष्ट दिसत होता. “विन्स्लो,” ती म्हणाली, “हे असंच छापलं गेलं, आणि तू झग्यात व्यासपीठावर उभा असताना एखाद्या प्राध्यापकाने विचारलं, तर?”

“कोण विचारतंय?”

“कोणीतरी हसेल. मला चालणार नाही. तिला दुरुस्त करू दे.”

अशा रीतीने कॉरीन बाजू बदलून आली. न्यायासाठी नाही, टोपीसाठी. पण आली.

विन्स्लोने घसा साफ केला. “ठीक. डीली, ही अकरा सालं तू सोमवारपर्यंत नीट करून दे. प्रस्तावनेत तुझं पूर्ण नाव घालतो. अडिलिया. वाटल्यास ‘बहुमोल’ हा शब्दही घालतो.”

“पहिल्या पानावर,” अडिलिया म्हणाली. “आणि तुझं तिथून काढून. सोमवारपर्यंत नाही, सप्टेंबरपर्यंत. सगळे क्रमांक नव्याने लावायचेत आणि ओळींची अनुक्रमणिका परत घालायचीय. चुकीचं काम माझ्या हातून जाणार नाही, आणि बरोबर काम तुझ्या नावावर जाणार नाही.”

“सप्टेंबर! ग्रंथालयाचं वर्ष जूनला संपतं. सोमवारी कागद गेले नाहीत तर रक्कम पुढच्या वर्षावर जाते. वर्षभर कोणालाच काही नाही.” तो एसाकडे वळला आणि पुढचं अगदी गोड आवाजात बोलला. “वर्षभर, एसा.”

एसाला हिरवा ट्रक दिसला. त्याचा उजवा दरवाजा उघडत होता आणि बंदही होत होता.

“आणि असंही,” विन्स्लो म्हणाला, “तिने नाही म्हटलं तरी कार्डं इस्टेटीची आहेत. वडिलांच्या घरात, वडिलांच्या पानांवर, वडिलांच्या पुठ्ठ्यावर केलेलं काम. मी ती सोमवारी गाडी पाठवून नेऊ शकतो. दुसऱ्या कोणाकडून दुरुस्त करून घेऊ. कायद्याने...”

तो चुकला तो इथे. गप्प बसला असता तर एसाने सही केली असती. हे एसाने स्वतःच नंतर लोइसपाशी कबूल केलं.

एसा उठला आणि कोठीत गेला. मुरंब्याच्या बरण्या असायच्या त्या फळ्यांवर कार्डांची अडतीस खोकी ओळीने होती. त्याने पहिलं उचलून मेजावर आणलं आणि त्यातलं एक कार्ड काढून विन्स्लोसमोर उलटं ठेवलं.

“वाच.”

“मागची बाजू आहे.”

“मागचीच वाच. वकील आहेस ना?”

पुठ्ठ्यावर फिकट निळ्या शाईत छापलेलं होतं: ‘साडेसहा, रुंद. काळा. दोन बंद.’

“बुटांची खोकी,” एसा म्हणाला. “पॅकिंग विभागातली फाटकी खोकी ही शनिवारी कारखान्यातून घरी आणायची. फोरमनला विचारून आणायची, आणि त्याने दिली म्हणून घरी येऊन वहीत लिहून ठेवायची. बापाच्या औषधांच्या दुकानातलं एक लेबल घेतलं तर बाप तिच्याकडून त्याचेही पैसे घ्यायचा. विसरलास? त्या वेळी तू बॉस्टनला वकिली शिकत होतास. तुझ्या फीला तिच्या पगारातून किती गेले, ते आज काढत नाही, घेवडा गार होतोय. आणि हे पुठ्ठे कोणी कापले? मी. अठरा वर्षांचा होतो. हा बघ कोपरा, पातं वाकडं गेलंय. बापाच्या पुठ्ठ्यावर! बापाने आयुष्यात एक कार्ड लिहिलं नाही. पाहुणे आले की ‘माझी सूची’ म्हणून दाखवायचा, आणि ही चहा आणून द्यायची. तेव्हा मी पाव खात गप्प बसायचो. आजही तेच करायला आलो होतो.”

अडिलिया त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर राग तसाच होता, पण त्याची दिशा गोंधळली होती.

“भावनेच्या भरात काही करू नकोस, एसा,” विन्स्लो म्हणाला. “ट्रकचा विचार कर.”

“करतोय ना. सकाळपासून तेवढाच करतोय.”

त्याने कामाच्या कोटाच्या खिशात हात घातला. त्याच्याकडे दोन रंगांच्या चिठ्ठ्या असत. दुरुस्त झालेल्या बर्नरला पांढरी. आणि ज्याने घर पेटेल अशा बर्नरला लाल; ती एकदा बांधली की दुरुस्त झाल्याशिवाय ती काढायचा हक्क घरमालकालाही नसतो, असं एसा गिऱ्हाइकांना दटावून सांगे. त्याने लाल काढली, सगळे सहीसाठी ज्या पेनाची वाट बघत होते ते पेनही काढलं, आणि त्याच्या बोजड अक्षरात लिहिलं: ‘धोकादायक. चालू करू नये. मालकिणीकडून दुरुस्ती बाकी.’ खाली तारीख, खाली नाव. मग प्रुफांचं पुडकं पुन्हा दोरीने बांधून त्याने चिठ्ठी गाठीत अडकवली.

“हे काय पोरकटपण!” विन्स्लो उभा राहिला. “मी हे छापखान्याला काय म्हणून पाठवू?”

“असंच पाठव. नाव घातलंय मी. जाब मला विचारू देत.”

“लोइस, कोट घे.”

“मी जेवून येते, डॅडी,” लोइस म्हणाली आणि खाली बसली. “आत्या, अनुक्रमणिका टाइप करायला कोणीतरी लागेलच ना?”

कॉरीन दारापर्यंत गेली, परत आली, लेमन-पायचं खोकं उचललं, एक क्षण विचार केला आणि ते तिथंच ठेवून गेली.

“तू सही करणार होतास,” दार लागल्यावर अडिलिया म्हणाली.

“होतो.”

“मला ते दिसत होतं.”

“दिसत होतं तर बोलली का नाहीस?”

“मीच किती वेळा बोलू रे?” ती म्हणाली आणि त्याच्या थाळीत घेवडा वाढू लागली. “बस. पुठ्ठा वाकडाच कापायचास तू. एकूण एक कार्ड मला पुन्हा सरळ करावं लागलं.”

पुढच्या वर्षी सह्या झाल्या, आणि सूची दीड वर्षाने निघाली. पहिल्या पानावर अडिलिया पीसली असं नाव आहे. क्रॉसबी आता चोविसाव्या क्रमांकावर वारतात, उपदेशानंतर. शेवटी साठ पानं पहिल्या ओळींची, आणि तिच्या आभारांत दोनच नावं: टंकलेखन, लोइस पीसली, पुठ्ठे, एसा पीसली.

आता कोणी काय किंमत भरली ते. कॉरीनने एक टोपी भरली. पुढच्या जूनपर्यंत तसल्या टोप्या कोणी घालेनासं झालं होतं. हिरवा ट्रक मे महिन्यात एका नळकाम करणाऱ्याने नेला. एसा आणखी एक हिवाळा दोरीचा दरवाजा आणि गुडघ्याचा गिअर घेऊन फिरला, जानेवारीत चढावर गाडी बंद पडली तेव्हा हत्यारांची पिशवी खांद्यावर घेऊन बर्फातून दोन मैल चालला, आणि त्या थंडीत डाव्या पायाचं एक बोट गमावून बसला. विन्स्लोला खुर्ची मिळाली, पाटी मिळाली, एक वर्ष उशिरा का होईना झगाही मिळाला. त्याने भरली ती फक्त पहिल्या पानावरची एक ओळ, जी त्याची कधी नव्हतीच. आणि आपण ती बहिणीला दान केली असं तो मरेपर्यंत जेवणाच्या टेबलांवर सांगत राहिला. बाकी सगळी किंमत अडिलियाने चौतीस वर्षं, दर शनिवारी, आधीच चुकती केलेली होती.